हप्ता भरला, पण बिल ठरवतो कोण?

आरोग्य विमा घेणाऱ्यांची संख्या वाढली आणि संरक्षणाची रक्कमही वाढली. तरी रुग्णालयातून बाहेर पडताना खिशाला बसणारी चाट थांबत नाही. तिचे कारण पॉलिसीपेक्षा बिलात जास्त आहे.

खासगी रुग्णालयात रुग्ण दाखल करताना नातेवाइकांना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. मेडिक्लेम आहे का? आणि खोली कोणती हवी? जनरल, ट्विन शेअरिंग की सिंगल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण सोयीचा विचार करून देतात. त्या एका उत्तरावर पुढचे सगळे बिल अवलंबून असते, हे त्या घाईत कुणी सांगत नाही.

समजा, एखाद्याची पाच लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज पाच हजार आहे. घरच्यांनी आठ हजारांची खोली घेतली. रुग्ण चार दिवस राहिला. भाड्यातला फरक बारा हजार, तो आपण भरायचा, हे समजण्यासारखे आहे. पण हिशेब तिथे थांबत नाही. शस्त्रक्रिया, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टरांच्या भेटी यांचे मिळून एक लाख साठ हजार झाले असतील, तर विमा कंपनी तेही पाचास आठ या प्रमाणात कापून एक लाखच देते. उरलेले साठ हजार आणि खोलीचे बारा हजार धरून बहात्तर हजार रुपये रुग्णाच्या घरातून जातात. याला प्रमाणशीर कपात म्हणतात.

विमा नियामक ‘इर्डाय’ने २०२० मध्ये या कपातीला वेसण घातली. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ती लावता येत नाही. जे रुग्णालय खोलीनुसार दर बदलत नाही, तिथेही ती लागू होत नाही. या शेवटच्या अटीतच खरा मुद्दा आहे. शस्त्रक्रिया तीच, सर्जन तोच, थिएटर तेच. मग रुग्ण कोणत्या मजल्यावर झोपतो यावरून शस्त्रक्रियेचा दर का बदलावा? विमा कंपनीच्या कपातीवर आपण चिडतो, पण तिचे मूळ रुग्णालयाच्या दरपत्रकात आहे.

एकाच शस्त्रक्रियेचे चार दर

आज एखाद्या मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात एकाच शस्त्रक्रियेचे किमान चार दर असू शकतात. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी सीजीएचएसचा दर, महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णासाठी पॅकेजचा दर, विमा कंपनीशी करार करून ठरलेला दर आणि रोखीने पैसे भरणाऱ्याचा दर. ज्याच्या पाठीशी कोणतीही संस्था नाही, त्याच्याकडे घासाघीस करण्याचीही ताकद नसते.

औषधे आणि साहित्याच्या किमती कशा फुगतात, हेही सरकारी कागदपत्रांत आहे. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार बड्या खासगी रुग्णालयांची बिले तपासली. काही वस्तूंवर नफ्याचे प्रमाण १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेले दिसले. यामागची साखळी साधी आहे. सिरिंज किंवा सलाइनचा सेट रुग्ण निवडत नाही, रुग्णालय निवडते. त्यामुळे उत्पादक कंपन्या रुग्णाला स्वस्त माल देण्यासाठी स्पर्धा करत नाहीत. रुग्णालयाला जास्त नफा सुटावा म्हणून छापील किंमतच वाढवतात. कमाल किरकोळ किमतीत विकल्याने कायदाही मोडत नाही.

दर बांधता येतात, बांधले गेले आहेत

‘बाजारात सरकारने हात घालू नये’ हा युक्तिवाद आपण वारंवार ऐकतो. पण हात घातला तेव्हा काय झाले, हे आपल्या समोर आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमती बांधल्या गेल्या. औषधयुक्त स्टेंटची सरासरी छापील किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती, ती २९,६०० रुपयांवर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या इम्प्लांटची किंमत सुमारे १,५८,००० रुपयांवरून ५४,७२० वर आणली गेली. अँजिओप्लास्टी आणि गुडघे बदलण्याच्या शस्त्रक्रिया देशात सुरूच राहिल्या.

महाराष्ट्राचा अनुभव आणखी जवळचा आहे. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. साध्या विलगीकरण वॉर्डसाठी दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले. पुढच्या वर्षी शहरांचे तीन गट करून लहान शहरांसाठी वेगळे, कमी दर ठरवले. साथीच्या धामधुमीत जे जमले, ते शांतपणे, अभ्यास करून करणे अवघड नसावे.

मात्र एकच वस्तू स्वस्त करून भागत नाही. स्टेंटची किंमत बांधली, तर बिलातल्या दुसऱ्या ओळी वाढवता येतात. म्हणून संपूर्ण उपचाराचा एकत्रित पॅकेज दर हवा. नेहमीच्या शस्त्रक्रिया आणि बाळंतपणे यांच्यासाठी तो ठरवणे शक्य आहे. गुंतागुंत झाल्यास वाढीव खर्चाचे नियमही आधीच लिहिता येतात.

इथे डॉक्टरांची बाजूही ऐकायला हवी. दर परवडण्याइतके नसतील, वर्षानुवर्षे बदलले नाहीत किंवा सरकारने पैसे वेळेवर दिले नाहीत, तर तालुक्याच्या गावातले वीस खाटांचे रुग्णालय तग धरणार नाही. त्यामुळे दर प्रत्यक्ष खर्चाचा अभ्यास करून ठरावेत, दरवर्षी सुधारावेत, आणि ठरवणाऱ्या समितीत डॉक्टर आणि रुग्ण दोघांचेही प्रतिनिधी असावेत.

कायद्यातली रिकामी जागा

केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा आहे. त्याच्या २०१२ च्या नियमांत दरांची मर्यादा ठरवण्याची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला याच तरतुदीवरून खडसावले आणि दर ठरवले नाहीत तर सीजीएचएसचे दर तात्पुरते लागू करण्याचा इशारा दिला. महाराष्ट्राने हा कायदा स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. दर लावणे ही पहिली पायरी झाली. ते किती असावेत यावर नियम अजून गप्प आहेत.

विम्याच्या बाजूने गेल्या काही वर्षांत चांगले बदल झाले. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. सलग पाच वर्षे पॉलिसी चालवल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही. कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. पण ही सवलत एकदाच मिळते. उपचारांचे दर वाढत राहिले की हप्ता पुन्हा त्याच पातळीवर येतो.

दाखल होण्याआधीचा आजार

नेहमीची पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येते. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च मात्र घरच्या हिशेबात पडतो. गोळ्या सुटल्या की काही वर्षांनी डायलिसिस वाट्याला येते आणि तेव्हा विमा पैसे मोजतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला. आरोग्यावरचा सरकारी खर्च होता सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) १.८४ टक्के. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते.

महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले. जुलै २०२४ पासून जन आरोग्य योजनेचे पाच लाखांचे संरक्षण उत्पन्नाची अट न ठेवता सर्व कुटुंबांना खुले केले. दोन्ही निर्णय मोलाचे आहेत. पण केसपेपर मोफत मिळाला आणि गोळ्या बाहेरून आणायला सांगितल्या, तर त्या मोफतपणाला अर्थ उरत नाही. तमिळनाडूने नव्वदच्या दशकातच औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभारून सरकारी दवाखान्यांपर्यंत औषधे पोहोचवण्याची घडी बसवली. आपल्या उपकेंद्रांपर्यंत तसा पुरवठा झाला, तर विम्याच्या कोणत्याही योजनेपेक्षा जास्त कुटुंबे कर्जातून वाचतील.

आज काय करता येईल?

पॉलिसी घेताना हप्त्याआधी खोलीभाड्याची मर्यादा पाहा. ती नसलेली पॉलिसी परवडत असेल तर तीच घ्या. दाखल होताना खर्चाचा लेखी अंदाज मागा. दावा नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणे घेतली जातात. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. त्या हक्काने मागा.

पण सावध ग्राहक होऊन हा प्रश्न सुटणार नाही. छातीत कळ आलेला माणूस दरांची तुलना करत फिरू शकत नाही. त्याच्या वतीने ती तुलना कायद्याने आधीच करून ठेवायची असते. राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत तीन गोष्टी घालाव्यात: नेहमीच्या उपचारांचे शहरगटांनुसार पॅकेज दर, खोलीनुसार शस्त्रक्रियेचा दर बदलण्यास मनाई, आणि बिलावर दाद मागण्यासाठी जिल्हा पातळीवर अधिकार असलेले प्राधिकरण. आपल्या आमदाराला पुढच्या वेळी भेटाल, तेव्हा रस्ता आणि पाण्याबरोबर या तीन मागण्याही त्याच्यासमोर ठेवा.