विश्वाचा आरंभ (लेखांक ६) : धर्मगुरू, पोप आणि एक खोडलेला परिच्छेद

दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब चालल्या आहेत आणि जी जितकी दूर तितका तिचा वेग जास्त, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. ते वाचून काही वाचकांनी विचारलं आहे : विश्वाला आरंभ होता असं आता विज्ञानच म्हणतंय, तर मग धर्मग्रंथांतली सृष्टीची उत्पत्ती खरी ठरली असं मानायला काय हरकत आहे? प्रश्न मनापासूनचा आहे आणि उडवून लावण्यासारखा नाही. तो ज्या माणसाला सर्वांत जवळून सोसावा लागला, त्याच्याकडूनच उत्तर घ्यावं असं मला वाटतं. तो माणूस म्हणजे ज्यांनी महास्फोट सिद्धांताचा पाया घातला ते जॉर्ज लमेत्र. ते कॅथलिक धर्मगुरू होते.

जन्म १८९४ चा, बेल्जियममधल्या शार्लरुआचा. इंजिनिअरिंग शिकत असताना पहिलं महायुद्ध आलं, ते तोफखान्यात लढले, शौर्यपदक मिळवून परतले. मग गणितात डॉक्टरेट केली आणि १९२३ मध्ये धर्मगुरूची दीक्षा घेतली. त्याच वर्षी ते केंब्रिजला एडिंग्टन यांच्याकडे सापेक्षतावाद शिकायला गेले. दीक्षेच्या आधीची, १९२१ मधली एक गोष्ट महत्त्वाची आहे. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात देव एकेक आज्ञा देतो आणि सृष्टी घडत जाते. त्यातल्या पहिल्या तीन आज्ञांवर लमेत्र यांनी एक निबंध लिहिला होता. प्रकाश होवो, या आज्ञेत पदार्थविज्ञान सापडतं का, हे ते त्यात शोधत होते. आज अनेकांना जे करावंसं वाटतं तेच पंचविशी ओलांडलेल्या लमेत्र यांनीही करून पाहिलं. तो निबंध त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. पुढे ती वाटच त्यांनी सोडली.

१९२७ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून प्रसरण पावणारं विश्व मांडलं. लेख फ्रेंचमध्ये होता, ब्रसेल्सच्या एका नियतकालिकात आला होता, फारशा कुणाच्या वाचनात आला नाही. त्याच वर्षी ब्रसेल्सलाच सॉल्व्हे परिषदेत आइन्स्टाइन भेटले. तुमचं गणित बरोबर आहे, पण त्यामागचं भौतिकशास्त्र भयंकर आहे, अशा अर्थाचं ते बोलले. चार वर्षांत चित्र पालटलं. ९ मे १९३१ च्या ‘नेचर’मध्ये लमेत्र यांचं एक छोटंसं पत्र प्रसिद्ध झालं. प्रसरणाचा चित्रपट उलटा फिरवत नेला, तर सगळं विश्व एका आद्य अणूत सामावलेलं सापडेल आणि त्याच्या विघटनातून पुढचं सारं झालं असेल, असं त्यात म्हटलं होतं. त्या आद्य क्षणी काळ आणि अवकाश या कल्पनांनाच काही अर्थ उरत नाही, हेही त्यात होतं.

या पत्राची टंकलिखित प्रत उपलब्ध आहे. तिच्या शेवटी एक परिच्छेद आहे आणि तो खोडलेला आहे. त्याचा आशय असा : परमेश्वर मानणारा प्रत्येक जण तो मूलतः गुप्त आहे हेही मानतो, निर्मितीवर पडदा टाकण्याचं काम आजचं भौतिकशास्त्र करतंय, याचा अशा माणसाला आनंदच होईल. परिच्छेदात श्रद्धेला धक्का लागेल असं अक्षरही नाही. तरीही लमेत्र यांनी तो छापायला दिला नाही. समीकरणांच्या मागोमाग देवाचं नाव आलं, की वाचणारा समीकरणं तपासायचं सोडून लिहिणाऱ्याची श्रद्धा तपासू लागतो, ही जोखीम ते जाणून होते असं मला वाटतं. श्रद्धा लपवायची असती तर त्यांनी धर्मगुरूचा वेश आधी उतरवला असता. तो त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

कसोटीचा प्रसंग वीस वर्षांनी आला. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केलं. विश्वाला आरंभ होता असं विज्ञान दाखवतंय, म्हणजे ‘प्रकाश होवो’ या आद्य आज्ञेची साक्षच विज्ञान देतंय, असा त्या भाषणाचा रोख होता. जगभर बातम्या झाल्या. लमेत्र त्या अकादमीचे सदस्य होते आणि पोपच्या शब्दाला त्यांच्या आयुष्यात किती वजन होतं हे सांगायला नको. आपल्या सिद्धांताला धर्मपीठाचीच मोहर मिळते आहे, यानं दुसरा एखादा भारावून गेला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. पुढच्या वर्षी रोममध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचं अधिवेशन भरणार होतं आणि तिथेही पोप बोलणार होते. त्याआधी लमेत्र रोमला गेले आणि व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख फादर ओकॉनेल यांच्याशी बोलले. सप्टेंबर १९५२ मध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी ती सांगड पुन्हा घातली नाही.

लमेत्र यांची अस्वस्थता दोन बाजूंची होती. पहिली विज्ञानाची. १९५१ मध्ये महास्फोट हे सिद्ध झालेलं सत्य नव्हतं. विश्वाला आरंभच नाही असं मानणारा फ्रेड हॉइल यांचा स्थिर स्थितीचा सिद्धांत तितक्याच जोमानं उभा होता आणि महास्फोटापुढे एक मोठा पेच होता. हबल यांच्या मोजमापावरून विश्वाचं वय जेमतेम २०० कोटी वर्षं निघत होतं आणि किरणोत्सारावरून पृथ्वीचं वय त्याहून जास्त येत होतं. रोमच्या त्याच अधिवेशनात वॉल्टर बाडे यांनी दाखवून दिलं, की दीर्घिकांची अंतरं निम्म्यानं कमी धरली गेली होती. विश्वाचं वय एका फटक्यात दुप्पट झालं. आज ते सुमारे १३८० कोटी वर्षं मानलं जातं.

दुसरी बाजू धर्माची, आणि ती मला जास्त खोल वाटते. ख्रिस्ती धर्मशास्त्रात निर्मिती म्हणजे कधीकाळी घडलेला पहिला क्षण एवढंच नाही. प्रत्येक क्षणी सगळ्या अस्तित्वाला देवाचा आधार आहे, असा तिचा अर्थ आहे. विश्वाला आरंभ होता हे तर्कानं सिद्ध करता येत नाही, असं तेराव्या शतकातच थॉमस अक्वायनस यांनी म्हटलं होतं. विश्व अनादि निघालं असतं तरी लमेत्र यांच्या श्रद्धेला तडा गेला नसता. मग तिला दुर्बिणीच्या आकड्याला बांधायचं कशाला?

हीच गोष्ट आपल्या घरात तपासून पाहू. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचं वय ४५४ कोटी. हे दोन आकडे शेजारी ठेवून पुराणांना सगळं ठाऊक होतं, असं अभिमानानं सांगितलं जातं. पण ४३२ कोटी ही पूर्ण दिवसाची लांबी आहे, सरलेला काळ नाही. पूजेच्या संकल्पात ज्या श्वेतवाराहकल्पाचा उच्चार होतो, त्याची परंपरेच्याच हिशेबानं सहा मन्वंतरं संपली, सातव्यातलं अठ्ठाविसावं कलियुग चालू आहे. बेरीज केली तर सरलेली वर्षं होतात सुमारे १९७ कोटी. आता १९३० च्या दशकात जाऊ. तेव्हा हा आकडा विश्वाच्या त्या वेळच्या वयाशी हुबेहूब जुळला असता! आणि बाडे यांच्या मोजणीनंतर त्या जुळणीचं काय करायचं होतं? पुराणकारांनी काळाची एवढी अफाट कल्पना केली, माणसाचं आयुष्य तिच्यापुढे ठेवून पाहिलं, हे मोठेपण कुठल्याही मोजमापाशी जुळण्यावर अवलंबून नाही.

नासदीय सूक्ताचंही तेच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या या सूक्तात महास्फोट शोधणारे पुष्कळ आहेत. पण ते सूक्त विचारत जातं : ही सृष्टी कुठून आली हे कोण सांगणार, देवसुद्धा नंतरचे. शेवटी तर वर बसून हे सारं पाहणारा तरी जाणतो की तोही जाणत नाही, इथवर ते पोचतं. एवढी निर्भय शंका उत्तर म्हणून वापरली की तिचं तेज आपण घालवतो, असं मला कळकळीनं वाटतं.

राहिला हॉइल यांचा पक्ष. महास्फोटाला धर्माचा वास येतो म्हणून हॉइल यांना तो आवडत नसे, हे खरं. त्यांचे शिष्य, कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर यांनीही हा सिद्धांत कधी स्वीकारला नाही; १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सुधारित पर्याय मांडला. पण गुरुशिष्यांची गाठ पडली ती कुठल्या धर्मपीठाशी नव्हे, तर १९६५ मध्ये जाहीर झालेल्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाशी. आकाशाच्या सगळ्या दिशांनी सारखंच येणारं हे प्रारण महास्फोटाशी सहज जुळतं. त्याचा उगम दुसरीकडे दाखवता आला तरच पर्याय टिकणार होता, आणि नारळीकर त्यासाठी दीर्घिकांमधल्या अवकाशातल्या लोहाच्या सूक्ष्म सुयांपर्यंत गेले. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. या प्रारणाची बातमी लमेत्र यांना १९६६ च्या जूनमध्ये, मृत्यूच्या थोडेच दिवस आधी, त्यांच्या सहकाऱ्यानं सांगितली. पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात ते कसं सापडलं, ते पुढच्या आठवड्यात.