पोर्टचा ताबा कोणाचा?

१९८३ साली बर्कली येथील युनिक्स आवृत्तीतून आलेली ‘सॉकेट’ ही संगणकांच्या परस्परसंवादाची व्यवस्था पुढे विंडोजनेही बव्हंशी स्वीकारली; परंतु पायथनचे सॉकेट मॉड्यूल हे त्या त्या प्रणालीच्या मूळ व्यवस्थेवरील पातळ आवरणच असल्यामुळे, प्रणालींमधील मतभेद प्रोग्रामरच्या पदरी जसेच्या तसे पडतात.

त्यांतील विशेष घातक मतभेद ‘एसओ_रियूजॲड्र’ या पर्यायाचा. बंद पडलेला सर्व्हर पुन्हा सुरू करताना, जुन्या जोडण्या पूर्णतः निकाली निघाल्या नसल्या तरी त्याच पोर्टचा ताबा मिळावा, एवढाच त्याचा लिनक्सवरील माफक हेतू; विंडोजवर मात्र तोच पर्याय, एक प्रोग्राम जेथे आधीच हजर आहे त्या पोर्टवरही दुसऱ्याला दावा सांगू देतो, आणि येणारी जोडणी कोणाच्या हाती पडेल याची शाश्वती उरत नाही. म्हणूनच, २०१९ मधील पायथन ३.८ चे ‘क्रिएट_सर्व्हर’ हे फंक्शन विंडोजवर हा पर्याय लावीतच नाही, ही तरतूद मला अत्यंत विवेकी वाटते.

आवृत्त्यांचेही असेच: सिग्नलमुळे खंडित झालेले वाचन ३.५ पासून पायथन स्वतःच पुन्हा हाती घेते. त्यापूर्वीच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यास तो पुनःप्रयत्न स्वहस्ते लिहावा लागतो.