खरखर पुसण्यापूर्वी

रेडिओवरील एखाद्या जुन्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण ऐकताना पहिला प्रश्न मनात येतो तो असा, की ही खरखर काढून टाकता येणार नाही का? येते, आणि संगणकामुळे ते काम आता बरेच सोपे झाले आहे. पण काय काढायचे आणि काय ठेवायचे, हे ठरवणे मात्र सोपे नाही. एका प्रत्यक्ष उदाहरणावरून आपण ते समजून घेऊ.

लंडनच्या पॅरिस थिएटरमध्ये १ एप्रिल १९७१ रोजी 'लेड झेपेलिन' या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. बीबीसीने तो ध्वनिमुद्रित करून ४ एप्रिलला प्रसारित केला. पुढे जगभर गाजलेले 'स्टेअरवे टू हेवन' हे गीत श्रोत्यांनी या कार्यक्रमात ऐकले, तेव्हा त्याची तबकडी बाजारात येण्यास सात महिने अवकाश होता. या कार्यक्रमाची फीत टिकली. परंतु याच वाद्यवृंदाने १९६९ साली बीबीसीसाठी केलेल्या एका कार्यक्रमाची मूळ फीत राहिली नाही. त्या काळी फिती महाग असत, आणि जुना कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवा घेण्याची पद्धत सर्रास होती. सुदैवाने कोणा श्रोत्याने रेडिओवरून तो कार्यक्रम घरच्या फितीवर घेतला होता. २०१६ साली गिटारवादक जिमी पेज यांच्या देखरेखीखाली निघालेल्या संग्रहात पॅरिस थिएटरचा कार्यक्रम आणि श्रोत्याने वाचवलेली गाणी अशी दोन्ही आहेत. ती एकापाठोपाठ ऐकली, की आवाजातील फरक कोणालाही कळतो. हा फरक कशामुळे पडतो?

फितीवर काय असते?

ध्वनिफीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर दिलेला लोहाच्या ऑक्साइडच्या बारीक कणांचा लेप. ध्वनीच्या चढउतारांप्रमाणे हे कण कमीअधिक चुंबकित होतात. व्यावसायिक यंत्रात फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावते. म्हणजे १०,००० हर्ट्झ वारंवारतेच्या ध्वनीच्या एका कंपनाला फितीवर ०.०३८ मिलिमीटर जागा मिळते. घरगुती यंत्रात फीत ९.५ सेंटिमीटर वेगाने फिरत असेल, तर ही जागा एक चतुर्थांशच उरते. जितके कण कमी, तितकी त्यांच्या वेड्यावाकड्या मांडणीतून निघणारी खरखर मूळ ध्वनीच्या तुलनेत अधिक.

रेडिओवरून घेतलेल्या ध्वनिमुद्रणात आणखी एक मर्यादा असते. मध्यम व लघुलहरींवर केंद्रे एकमेकांना खेटून असल्यामुळे साध्या संचातून साधारण ४,५०० हर्ट्झच्या वरचे ध्वनी फारसे येतच नाहीत. तरुण कान २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू शकतो. टेलिफोनवर 'स' आणि 'फ' यांत आपला घोटाळा होतो, तो अशाच काटछाटीमुळे.

गुणगुणीची साक्ष

जुनी फीत हाती आल्यावर तिच्यावर घडलेल्या गोष्टी शोधणे हे पहिले काम. प्रथम वाजवणाऱ्या यंत्राच्या चुंबकी शीर्षाचा कोन ध्वनिमुद्रण करणाऱ्या शीर्षाच्या कोनाशी जुळवतात. तो जरासा चुकला, तरी उंच स्वर बोथट होतात. मग वेग तपासतात, आणि येथे नको असलेला आवाजच कामी येतो.

ब्रिटनमधील विजेची वारंवारता आपल्याप्रमाणेच ५० हर्ट्झ आहे. त्या विजेची बारीकशी गुणगुण पुष्कळदा ध्वनिमुद्रणात शिरते. समजा, फीत वाजवताना तीच गुणगुण ५३ हर्ट्झवर आढळली, तर फीत सुमारे ६ टक्के जलद फिरत आहे हे उघड होते. ६ टक्के म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर. पांढरी एकमधले गाणे काळी एकमध्ये गेल्यासारखे वाटेल आणि गायकाचा आवाजही बारीक होईल. फितीची मध्ये नक्कल झाली असेल, तर त्या वेळची गुणगुणही मिसळलेली असते; म्हणून वाद्यांच्या स्वरांशी ताळा पाहावा लागतो. गुणगुण आधीच पुसून टाकली असती, तर हा साक्षीदार आपण गमावला असता.

वजाबाकी आणि तिचा धोका

यानंतर ध्वनीचे अंकांत रूपांतर करतात. जतनाच्या कामात सेकंदाला ९६,००० वेळा ध्वनीचे मोजमाप घेण्याची पद्धत रूढ आहे. 'टक्' असा क्षणिक आवाज आला असेल, तर तेवढे अंक काढून मागच्यापुढच्या अंकांवरून ती जागा भरता येते. एक सहस्रांश सेकंदाची अशी भर कानाला जाणवत नाही.

सलग खरखरीसाठी वेगळा उपाय आहे. गाणे सुरू होण्यापूर्वीच्या शांत क्षणात फक्त खरखर असते. तिच्यात कोणत्या वारंवारता किती प्रमाणात आहेत, हे संगणक मोजतो आणि पुढच्या सर्व ध्वनीतून तेवढ्या वजा करतो. अडचण अशी, की ड्रमच्या जोडीला असलेल्या झांजेचा विरत जाणारा नाद भौतिकदृष्ट्या खरखरीसारखाच असतो. वजाबाकी जास्त झाली, की झांज मध्येच तुटते आणि मागे पाण्यातल्या बुडबुड्यांसारखा विचित्र आवाज उरतो. प्रेक्षकांच्या टाळ्या, सभागृहातील घुमणे हेही संगणकाच्या दृष्टीने 'नको ते' ठरू शकते. पण ते तर त्या संध्याकाळचे अंग आहे.

शेवटचा टप्पा रीमास्टरिंगचा. यात खर्ज व उंच स्वरांचा तोल साधतात, गाण्यांच्या पातळ्या जुळवतात. हळू भाग फार उचलले, तर ड्रमच्या ठोक्यातला जोर नाहीसा होतो.

मग ४,५०० हर्ट्झच्या वरचे, रेडिओतच गळालेले ध्वनी परत आणता येतात का? नाही. तेथे पातळी वाढवली, तर खरखरच वाढते. असंख्य ध्वनिमुद्रणांवरून 'शिकलेल्या' संगणकप्रणाली आज मिसळलेले आवाज वेगळे करतात. बीटल्सच्या २०२३ सालच्या 'नाऊ अँड देन' या गीतासाठी जॉन लेनन यांचा आवाज एका जुन्या कॅसेटमधून असाच सोडवला गेला. मात्र जे ध्वनिमुद्रणात कधी आलेच नाही, ते अशा प्रणालीने भरले, तर तो अंदाज असतो, शोध नव्हे. जुन्या दगडी देवळाला ऑइलपेंट फासल्यावर ते चकचकीत दिसते, पण खाली टाकीचे घाव दिसेनासे होतात. म्हणून मूळ फितीची कोणताही बदल न केलेली प्रत नेहमी वेगळी ठेवतात. उद्याच्या माणसाला तिच्यातून अधिक काही वाचता येईल.

वर्गात करून पाहा

वर्गातील पंखा चालू ठेवून एका विद्यार्थ्याला 'स', 'श', 'छ' पुष्कळ वेळा येणारी वाक्ये वाचायला सांगा व ध्वनिमुद्रण करा. सुरुवातीचे पाच सेकंद फक्त पंख्याचा आवाज येऊ द्या. संगणकावरील ध्वनिसंपादनाच्या प्रणालीला ते पाच सेकंद नमुना म्हणून देऊन आधी थोडी, मग भरपूर खरखर काढा. पंख्याबरोबर कोणती अक्षरे नाहीशी होऊ लागतात, हे विद्यार्थ्यांनाच ओळखू द्या. आणि मूळ ध्वनिमुद्रण पुसू नका.