मॉनिटर समोर असूनही गायकाला ऐकू का येत नाही?

गणपती आले की गल्लोगल्ली भजन, भावगीतं, ऑर्केस्ट्रा सुरू होतात. आणि प्रत्येक स्टेजवरून एक हाक ठरलेली असते, "मॉनिटर वाढव रे!" साउंडवाला वाढवतो, माईक शिट्टी मारतो, पुन्हा कमी करतो. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून गायक ताणून गातो आणि तिसऱ्या दिवशी घसा बसतो. बऱ्याचदा अडचण व्हॉल्यूमची नसतेच, बॉक्सचं तोंड कुठं आहे याची असते.

मॉनिटर म्हणजे गायकाकडे तोंड करून स्टेजवर ठेवलेला बॉक्स. त्यातून आवाज चहूकडे सारखा पसरतो असा आपला समज. तसं होत नाही. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 345 मीटर. त्या हिशोबानं 100 हर्ट्झच्या खर्जाची एक लहर जवळपास साडेतीन मीटर लांब, तर 4000 हर्ट्झची जेमतेम 9 सेंटीमीटर. लांब लहर बॉक्सला वळसा घालून मागेही जाते. आखूड लहर टॉर्चच्या झोतासारखी समोरच जाते. आणि 'स', 'श', 'च' ही अक्षरं कानाला कळतात ती याच वरच्या आवाजांमुळे. म्हणून झोताबाहेर बसलेल्याला नुसती घुमघुम ऐकू येते, शब्द नाहीत. तो वाढवायला सांगतो, मग घुमघुमच वाढते.

हा झोत किती रुंद, ते हॉर्नवर अवलंबून. माहितीपत्रकात '90 बाय 60' असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा आडवा कोन, दुसरा उभा. कोनाच्या कडेला आवाज मध्यापेक्षा 6 डेसिबलनं कमी धरतात. दीड मीटरवर 90 अंशांचा झोत 3 मीटर रुंद होतो, 60 अंशांचा फक्त पावणेदोन मीटरच्या आसपास.

गोची इथंच आहे. आपल्याकडे स्टँडवर उभे ठेवायचे बॉक्सच आडवे पाडून मॉनिटर म्हणून वापरतात. बॉक्स आडवा झाला की कोनही आडवे होतात : रुंदी 60, उंची 90. काही बॉक्समध्ये हॉर्न फिरवून बसवता येतो, पण ते स्क्रू कोण उघडतो! शिवाय वूफर आणि हॉर्न आता शेजारी शेजारी येतात, त्यामुळे दोघं मिळून वाजवतात त्या पट्टीत गायक अर्धं पाऊल सरकला तरी आवाज बदलतो.

भजनी मंडळांची अडचण वेगळीच. तिरक्या तोंडाचे मॉनिटर उभ्या गायकासाठी बनवलेले असतात. सव्वा मीटरवर उभ्या माणसाचा कान बॉक्सपासून सुमारे 45 अंश वर येतो, मांडी घालून बसलेल्याचा वीस-बावीस अंश. म्हणजे झोत बुवांच्या डोक्यावरून मंडपाच्या पत्र्याला. उपाय साधा आहे. बॉक्सच्या मागच्या कडेखाली लाकडी ठोकळा सारून तोंड खाली झुकवा. मध्ये पेटी आडवी येत असेल तर बॉक्स थोडा बाजूला घ्या.

शिट्टीचं कारणही दिशाच. नेहमीचा कार्डिऑइड माईक बरोबर मागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर त्याच्या शेपटीच्या रेषेत हवा. सुपरकार्डिऑइड माईकची बहिरी जागा मात्र मागे दोन्ही बाजूंना, साधारण 125 अंशांवर असते. तिथं मॉनिटर सरळ समोर ठेवून चालत नाही. आणि माईकची जाळी मुठीत धरणाऱ्या हौशी गायकांना काय सांगावं? मूठ आवळली की माईक मागूनही ऐकायला लागतो.

अंतराचा हिशोब तर सरळ वाणिज्याचा आहे. उघड्या जागेत अंतर निम्मं केलं की 6 डेसिबल फुकट मिळतात. तेवढेच अँप्लिफायरकडून हवे असतील तर चौपट वॅट लागतात. 2 मीटरवरचा बॉक्स 1 मीटरवर आणला, तर 400 वॅटचं काम 100 मध्ये होतं.

कार्यक्रमाआधी पाच मिनिटं काढा. माईक बंद ठेवून मॉनिटरवर एखाद्या निवेदनाचं रेकॉर्डिंग लावा आणि गायकाच्या जागी, गायकाच्याच उंचीवर बसून डावी-उजवीकडे सरका. 'स' जिथं बोथट होतो तिथं खडूनं रेघ मारा. दोन रेघांच्या मध्ये मावतील तेवढेच गायक त्या बॉक्सचे. टाळकरी बाहेर राहिले तरी चालेल, त्यांना तशीही ढोलकी ऐकू येते.