मोटर चालू असताना किटली नाही

पहाटे साडेचारला मोहर्ली रोडने जिप्सी जायला लागतात. उजाडायच्या आत ताडोब्याच्या गेटवर पोचायची पर्यटकांची घाई, आणि आमचं दुर्गापूरचं घर त्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. त्यामुळे मला गजर लावावा लागत नाही. मे महिना आहे, कूलर रात्रभर घरघरून दमलाय, अंगाला चादर चिकटलीय आणि स्वयंपाकघरात आधीच दिवा लागलेला आहे.

विक्की उठलाय. हा माझ्या नणंदेचा मुलगा, गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातला. पोलीस भरतीसाठी आमच्याकडे राहतो. ऊन चढायच्या आत सोळाशे मीटरचे दोन राऊंड मारायचे, गोळा फेकायचा, आणि आल्यावर चार अंडी. त्या अंड्यांसाठी तो किटली वापरतो. पाणी उकळलं की किटली टक् करून बंद पडते, पण अंडं काही तेवढ्यात कडक होत नाही. तो झाकण न उघडता तशीच ठेवून पळायला जातो आणि परत आल्यावर सोलतो. पहिल्या दिवशी त्याने किटली तीनदा चालू केली होती, दोन अंडी आत फुटली आणि किटलीला असा वास लागला की दोन दिवस कोरा चहासुद्धा अंड्याचा लागत होता.

आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यावर निकाल दिला. "अंडे उकड बाप्पा, पन मले एकादशीले त्यातलं पानी नोको देऊ." आता एकादशीच्या आदल्या रात्री किटली घासून, एकदा साधं पाणी उकळून ओतून दिलं जातं. विक्कीला एकादशी कधी आहे ते आता पाठ झालंय. कॅलेंडर त्याच्याच खाटेजवळ टांगलंय.

पावणेसहाला नळ येतात. पाऊण तास. खालच्या टाक्यातून वर पाणी चढवायला मोटर लागते आणि इथे घरातला मोठा नियम सुरू होतो. किटली १५०० वॅटची, म्हणजे साडेसहा अँपिअर ती एकटीच खाते. मोटर एक हॉर्सपॉवरची, तिचे पाचेक. आणि स्वयंपाकघर, मोरी नि पुढची खोली मिळून एमसीबी आहे दहाची. बेरीज करायला गणित लागत नाही, पण आम्हाला ती बेरीज कळायला पहिल्या आठवड्यात तीनदा घर अंधारात जावं लागलं. तिसऱ्या वेळी मी डोक्याला शिकेकाई लावून मोरीत होते. त्याच दिवशी माझ्या मुलीने फ्रिजच्या दारावर स्केचपेनने लिहून ठेवलं: मोटर चालू असताना किटली नाही. खाली मिक्सर आणि इस्त्रीची चित्रं काढून त्यांच्यावर फुल्या मारल्या. सातवीत आहे ती. या घरात लेखी कायदा एवढा एकच, बाकी सगळं आईंच्या तोंडी असतं.

साडेसहाला हे नाईटवरून येतात. वीज केंद्रात कोळसा हाताळणीकडे कंत्राटी काम. कानाच्या पाळीमागे काळी रेघ राहिलेली असतेच. आले की आधी चहा, मग अंघोळ. मला हा क्रम कधी पटला नाही.

आणि चहा म्हटला की शेगडी. गोल बाजारातून किटली आणली त्या संध्याकाळी सगळं घर तिच्याभोवती गोळा झालं होतं. दुकानदाराने निघताना सांगितलं होतं, फक्त पाणी. पण आपल्याकडे अशा सूचना दुकानातच राहतात. विक्कीने दूध, पाणी, पत्ती, साखर, आलं सगळं एकदम टाकलं आणि बटन दाबलं. दूध काही टक् होण्याची वाट बघत नाही. तोटीतून, झाकणातून, मुठीच्या फटीतून सगळीकडून ते बाहेर आलं, ओट्यावरून खाली सांडलं, आणि आत तळाला जी करपलेली साय बसली ती काढायला मला दोन लिंबं आणि अर्धा तास लागला. आईंनी कपातला एक घोट घेतला नि कप खाली ठेवला. "हा चहा नाही, ही दुधाची धुवन आहे."

मग सुवर्णमध्य निघाला. किटलीत पाणी उकळायचं, ते गंजात ओतायचं, त्यात पत्ती-साखर-आलं टाकून मग दूध. गॅसची दोन-तीन मिनिटं वाचतात. आईंना तोही मान्य नाही. त्यांचं म्हणणं असं, की पत्ती थंड पाण्यात पडून पाण्यासोबत तापली पाहिजे, आलं ठेचून सुरुवातीलाच गेलं पाहिजे, दोनदा वर येऊन दोनदा खाली बसला पाहिजे, तेव्हा चहाला रंग येतो. मी वाद घालायचे. नंतर एकदा दोन्ही चहा शेजारी ठेवून डोळे मिटून पिऊन पाहिले आणि गप्प बसले. सकाळचा सहा कपांचा चहा आईच करतात, गंजात, शेगडीवर, सांडशी हातात धरून उभं राहून. किटलीकडे त्या वेळी बघतसुद्धा नाहीत.

नऊपासून माझं मशीन सुरू होतं. लग्नसराई. पुढच्या खोलीत पाच ब्लाऊज टांगलेत, तीन कापायचे आहेत. इस्त्री हजार वॅटची, म्हणजे तिच्यासोबतही किटली नाही. पण याच खोलीने मला किटलीचा एक उपयोग शिकवला, जो पुस्तिकेत नव्हता. वेलवेटचा ब्लाऊज होता, मरून, नवरीच्या मावशीचा. वेलवेटवर इस्त्री फिरली की त्याची लव दबते, चट्टा पडतो, आणि तो चट्टा मग धुतला तरी जात नाही. माझ्याच हातून बाहीवर असा एक चट्टा पडला होता. किटलीच्या वाफेवर ती बाही दोन बोटांनी ताणून धरली, उलट्या बाजूने, वाफेपासून वीतभर वर. लव हळूहळू उभी राहिली, जशी मांजर पाठ फुगवते तशी. हलक्या ब्रशने फिरवलं, चट्टा गायब.

तेव्हाच मला कळलं की वाफ जास्त वेळ हवी असेल तर झाकण उघडं ठेवायचं. झाकण उघडं असलं की किटली बंदच पडत नाही. विक्कीने सांगितलं ते असं: मुठीच्या वरच्या अंगाला आत एक छिद्र असतं. झाकण बंद असलं की उकळत्या पाण्याची वाफ त्या छिद्रातून मुठीत शिरते. तिथे दोन वेगळ्या धातूंची, एकावर एक चिकटवलेली पट्टी असते. तापली की एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, पट्टी वाकते आणि बटन उडतं. तीच ती टक्. झाकण उघडं, तर वाफ छताकडे जाते, पट्टीपर्यंत पोचतच नाही. मला तेव्हा ही युक्ती वाटली होती. तिच्यातली खोट नंतर कळली.

दुपारबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पारा ४५च्या वर, रस्त्यावर कुत्रं नाही, जेवणात भात, वरण, सांबार म्हणजे कोथिंबीर घातलेली आंब्याची चटणी, मग घर झोपतं. टाकीतलं पाणी इतकं तापलेलं असतं की नळाखाली हात धरवत नाही. त्या पाण्याने किटली भरली तर ती तासाभराची पायपीट टाळून मधूनच गाडीत बसल्यासारखी लवकर उकळते. आठवड्यातून एकदा याच वेळी मी तिच्यात पाणी आणि चमचाभर लिंबूफूल टाकून ठेवते. आमचं बोअरचं पाणी जड आहे. ते तापलं की त्यातला क्षार सुटून तळाला पांढरा पापुद्रा धरतो. लिंबूफुलाने तो फसफसून निघून जातो. शेजारच्या ताई समजतात की उकळलं म्हणजे बोअरचं पाणी शुद्ध झालं. जंतू मरतात हे खरं. पण आपल्या जिल्ह्यात काही गावांच्या पाण्यात जे फ्लोराइड आहे ते उकळून जात नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं. हे त्यांना दोनदा सांगून झालंय.

चारला लाईट गेली. अंगणात उभं राहिलं की वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, थंड करायच्या त्या बुटक्या जाड मनोऱ्यांतून पांढरी वाफ वर जात असते, आणि आमचा पंखा बंद. विक्की म्हणतो, त्याच्या गावाकडे पावसाळ्यात व्होल्टेज इतकं पडतं की बल्बची तार मोजता येते, तिथे किटली आणली तर सकाळी लावलेलं पाणी जेवणाला मिळेल. थोडी अतिशयोक्ती आहे. पण व्होल्टेज २३०चं १८० झालं तर किटलीची ताकद पाचव्या हिश्शाने नाही, दोन पंचमांशाने कमी होते, हे त्यानेच मला मांडून दाखवलं. भरतीच्या लेखी परीक्षेचा एवढा तरी फायदा.

लाईट नसताना आई परसातली चूल पेटवतात. सवय. काड्या आता विकत घेतलेल्या, किंवा सुताराकडच्या ढलप्या. त्यांचं माहेर सिंदेवाही तालुक्यातलं. तिकडे मे म्हणजे तेंदूपत्ता. मोहफुलं संपली की पान, आणि दोन्हीसाठी पहाटेच जंगलात वाकून काम. २०२५ साली १० मे रोजी त्याच तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बायकांना एकाच दिवशी वाघाने मारलं. आईंच्या ओळखीतल्या कुणी नव्हत्या, तरी तो दिवस त्या तारखेसकट सांगतात. इथेही काही वेगळं नाही. २०२२च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या आवारात कामगाराला वाघाने नेलं, दुसऱ्याच दिवशी दुर्गापुरात बिबट्याने सोळा वर्षांच्या पोराला. तेव्हापासून यांची सेकंड शिफ्ट असली की हे घरी येईपर्यंत मी दार लावत नाही. "काड्या आनाले गेली का बाई घरी येईन का नाही, हे चुलीले मालूम नसते," आई म्हणाल्या आणि फुंकणीने राख बाजूला सारली. किटलीबद्दल त्यांनी काढलेले हे सगळ्यांत बरे शब्द, आणि त्यांत किटलीचं नाव नाही.

संध्याकाळी मुलगी वडिलांच्या मागे लागली. शाळेला सुटी, पण डोक्याला नाही. "बाबा, तुमच्या केंद्रात नेमकं करतात काय?" हे म्हणाले, "पाणी उकळतो." ती हसली. हे खरंच सांगत होते. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेने चाक फिरवायचं, वीज झाली की तारेत सोडायची. आणि त्या विजेने आपण घरी काय करतो? परत पाणी उकळतो. मुलगी वही घेऊन बसली. केंद्राची ताकद २,९२० मेगावॉट, आपली किटली दीड किलोवॉट. म्हणजे सगळं केंद्र नुसत्या किटल्यांना जोडलं तर एकोणीस लाखांवर किटल्या एका वेळी. मग तिने दुसरं गणित काढलं. लिटरभर पाण्याला साधारण दशांश युनिट, एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा. उत्तर पाऊणशे ग्रॅम. तिने ओट्यावरचं लिंबू उचलून दाखवलं. एवढा खडा.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, खाटेवर बसून ऐकत होते. दुर्गापूर रयतवारी खाणीतून निवृत्त, वय चौऱ्याहत्तर. त्यांनी ते लिंबू हातात घेतलं, बोटांनी जोखलं आणि म्हणाले, "याच्यापायी जमिनीच्या पोटात जात होतो का वो आमी?"

हे म्हणाले, खरं तर कोळशातली दोन तृतीयांश उष्णता वाटेतच जाते, मनोऱ्यांतून आणि चिमणीतून. त्यापेक्षा सरळ गॅसवर पाणी तापवलेलं बरं. मुलीने विचारलं, "मग आपण किटली कशाला घेतली?"

कुणी बोललं नाही. कारण ते सगळ्यांना माहीत होतं, मामाजींनाही.

मागच्या थंडीत मामाजी रात्री तीनला उठायचे. खोकल्याची गोळी कोमट पाण्यासोबत घ्यायची. कुणाला उठवायचं नाही हा त्यांचा खाणीतला स्वभाव, स्वतःच शेगडी पेटवायचे. एका रात्री ते पाणी घेऊन गेले आणि बर्नर तसाच राहिला. पहाटे मला जाग आली तेव्हा रिकाम्या गंजाचा तळ लाल झाला होता आणि खिडकीचा पडदा वीतभर लांब होता. मी कुणालाच काही बोलले नाही. फक्त त्या रात्रीनंतर झोपेत एक कान स्वयंपाकघराकडे ठेवून झोपायला लागले. तीन वाजायच्या आधी आपोआप डोळे उघडायचे. खाट कुरकुरली, पाऊल वाजलं, लायटर वाजला, आणि मग लायटरनंतर बटन फिरल्याचा आवाज येईपर्यंत मी श्वास धरून पडलेली. महिनाभर असं काढलं, दिवसा मशीनवर डुलक्या, एकदा बाही उलटी जोडली. मग संक्रांतीच्या शिलाईच्या पैशांतून ही आणली.

आणि आणल्यावर पंधरा दिवसांतच मामाजींनी झाकण उघडं ठेवलं. मला वेलवेटवर जी युक्ती वाटली होती तीच. पाणी आटेपर्यंत उकळलं, मग आतली दुसरी सोय, कोरडी पडली की तोडणारी, कामी आली. नुकसान काही झालं नाही. पण माझी झोप पुन्हा आठ दिवस गेली. शेवटी मी किटलीवर लाल नेलपॉलिशने बाहेरून दोन रेघा ओढल्या. एक अर्ध्या लिटरची, मामाजींना लागतं तेवढ्या पाण्याची. दुसरी झाकण आणि काठ यांच्यावर सलग. झाकण नीट बसलं तरच ती रेघ जुळते. अंधारात मामाजी तिच्यावरून बोट फिरवून बघतात. खाणीत दिवा विझला की भिंत हाताने वाचायचे, तसं.

रात्री साडेनऊला हे शिफ्टला जातात. मी इस्त्रीचा प्लग काढते, किटलीत रेघेपर्यंत पाणी भरून ठेवते, बुड फडक्याने कोरडं पुसते, पेला आणि गोळी शेजारी. साडेअकरापर्यंत एक काज राहिलेलं असतं ते होतं. कूलरमध्ये पाणी टाकते.

तीन वाजता खाट कुरकुरते. पाऊल. मग किटलीचा आवाज सुरू होतो, आधी बारीक गुणगुण, मग ती मोठी होत जाते, आणि उकळायच्या जरा आधी अचानक शांत होते. पहिल्या काही रात्री त्या शांततेत मी उठून बसायचे. आता माहीत आहे, त्यानंतर खदखद येते, आणि खदखदीनंतर टक्.

आली.

मी कूस बदलते. मोहर्ली रोड अजून गप्प आहे, दीड तास आहे हातात.