हप्ता, सुटे भाग आणि चालकाची पाठ

माती खणणारे चाकांचे यंत्र गावात आले की आपण त्याला ‘जेसीबी’ म्हणतो आणि ते चेनवर चालणारे असेल तर ‘पोकलेन’. पहिले नाव जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाच्या आद्याक्षरांचे. त्यांनी १९४५ साली भाड्याच्या गॅरेजमध्ये धंदा मांडला होता. दुसरे नाव एका फ्रेंच कंपनीचे. १९७९ साली बॅमफर्ड यांच्या कंपनीने एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत हरियाणातील बल्लभगड येथे उत्पादन सुरू केले आणि पुढे ही पिवळी यंत्रे आपल्याकडच्या विहिरींवर, बांधांवर, शेततळ्यांवर दिसू लागली.

आज या यंत्राचा मालक म्हणजे शहरातला बडा कंत्राटदारच असतो असे नाही. थोडी शेती, वडिलांच्या फंडाचे पैसे आणि बाकी सारे कर्ज, एवढ्या बळावर गावातलाच एखादा तरुण यंत्र दारात आणतो, हार घालतो, नारळ फोडतो. विक्रेत्याने त्याला अश्वशक्ती, बकेटचे माप, डिझेलची बचत आणि हप्ता हे सारे समजावलेले असते. पण दोन प्रश्न तो स्वतः बहुधा विचारत नाही आणि पुढे त्याचा सगळा हिशेब त्या दोन प्रश्नांवरच अडतो.

पहिला प्रश्न सुट्या भागांचा. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने भरघोस सवलत मिळाली म्हणून तालुक्यात दुसऱ्या कोणाकडेच नसलेले यंत्र घेतले. ऐन मे महिन्यात हायड्रॉलिक सिलिंडरचे सील गेले. तळहातावर मावेल एवढी ती रबरी कडी. पण जिल्ह्याच्या गावी नाही, पुण्यातही नाही. अकरा दिवस यंत्र लिंबाखाली उभे राहिले. हप्ता काही थांबला नाही. शेततळी, विहिरी, बांधबंदिस्ती ही कामे पावसाच्या आत उरकायची असतात. गेलेले गिऱ्हाईक दुसऱ्याचे झाले, ते परत आले नाही.

तेव्हा यंत्र पाहण्याआधी विक्रेत्याचे गोदाम पाहावे. फिल्टर, होज पाइप, सील, पिना, बुश, बकेटचे दात हे फळीवर आहेत का, ते डोळ्यांनी बघून घ्यावे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात बकेटचे दात भराभर झिजतात, हे विसरू नये. तेच यंत्र आसपास किती जणांकडे आहे, याचीही चौकशी करावी. ज्या यंत्राचे मालक जास्त, त्याचा मिस्त्रीही जवळ सापडतो.

दुसरा प्रश्न यंत्रावर बसणाऱ्याचा. पोकलेन दुसऱ्या गावी न्यायची तर ट्रेलर लागतो. चाकांचे यंत्र आपले आपण रस्त्याने जाते. म्हणून गावोगावच्या किरकोळ कामाला चाकेच परवडतात. परंतु या यंत्राला मोटारीसारख्या स्प्रिंगा नसतात. मागचा आस सांगाड्याला घट्ट जखडलेला, पुढचा मधल्या पिनेवर नुसता डुलणारा. खड्ड्याचा दणका टायरने सोसला तेवढा सोसला, उरलेला चालकाच्या कण्यात जातो. काही यंत्रांत पुढच्या बकेटच्या तेलमार्गात नायट्रोजन वायूची टाकी जोडून हे उसळणे कमी केलेले असते. ती सोय आहे का, हे विचारावे. सीट चालकाच्या वजनाप्रमाणे जुळवायची असते, पण पाळी बदलली तरी तिला कोणी हात लावत नाही. युरोपीय संघाने २००२ साली अशा हादऱ्यांना मर्यादा घातली. आठ तासांच्या कामाला सरासरी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर हादरे गेले की मालकाने उपाय करायचा, १.१५ च्या वर काम करून घ्यायचेच नाही.

हे दोन प्रश्न आपल्याकडचेच आहेत असेही नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९९० च्या दशकात रबरी पट्ट्यांवर चालणारे छोटे लोडर तयार होऊ लागले. ते चिखलात सहसा रुतत नाहीत. पण घट्ट जखडलेल्या पट्ट्यांवरही हादरे बसतातच. म्हणून पट्ट्याची चौकट आणि यंत्र यांच्यामध्ये पीळ घेऊन दणका झेलणारे आस बसवण्यात आले. पाठीला आराम मिळाला, खर्च मात्र वाढला. रबरी पट्टा साधारण बाराशे ते सोळाशे तासांत बदलावा लागतो. म्हणजे तिथल्या गिऱ्हाइकालाही आधी पट्टा कुठे आणि किती दिवसांत मिळेल, हे विचारावेच लागते.

कोणी म्हणेल, चालकाच्या पाठीची चिंता मालकाने का करावी? माणुसकी हे कारण पुरेसे आहे. पण हिशेबाचेही कारण आहे. पाठ धरलेला चालक हंगामाच्या मध्येच काम सोडतो आणि चांगल्या हाताचा दुसरा चालक लगेच मिळत नाही. सिलिंडरचे सील निदान अकरा दिवसांनी तरी आले होते.

म्हणून सही करण्यापूर्वी एक करावे. आपल्या चालकाला सोबत न्यावे, यंत्र गावाजवळच्या सर्वांत वाईट रस्त्यावर तासभर चालवू द्यावे आणि खाली उतरल्यावर तो काय म्हणतो ते ऐकावे.