तेल कोणते, आणि कितव्या घाण्याचे?

मराठीत ‘घाणा’ हा शब्द मोठा बोलका आहे. तेल गाळण्याचे यंत्र तो घाणा, आणि कढईतून एका खेपेस तळून निघणाऱ्या चकल्या तोही घाणाच! तेलाचा जन्म एका घाण्यात, तर त्याची परीक्षा दुसऱ्यात. घरच्या दिवाळीत असे घाणे मोजके असतात. हॉटेलातली कढई मात्र सकाळी चुलीवर चढते ती रात्री उतरते. म्हणूनच हॉटेलवाल्याने तळणीला कोणते तेल घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर घरच्याहून निराळे आहे.

करडई आणि सूर्यफूल यांची तेले हृदयाला हितकर, अशी आपली समजूत. आणि ती खोटी नाही. नेहमीच्या करडईच्या तेलात सुमारे पाऊण हिस्सा लिनोलेइक आम्ल असते, व रक्तातील कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवण्यास ते मदत करते. परंतु हेच आम्ल उष्णतेला फार हळवे! १८० अंश सेल्सिअसची कढई, वड्यांतून सुटणारी वाफ आणि वरची हवा यांच्या माऱ्याने ते लवकर बिघडते. फोडणीतले गुणी तेल दिवसभराच्या तळणीत दुबळे ठरते, ते असे.

दुसऱ्या टोकाला पामोलीन. स्वस्त आणि टिकाऊ, म्हणून हॉटेलवाल्यांचे लाडके. पण त्यात संपृक्त मेद बराच, आणि तो कोलेस्टेरॉल वाढवतो. मधला मार्ग म्हणजे शेंगदाण्याचे किंवा तांदळाच्या कोंड्याचे रिफाइंड तेल. या दोहोंत ओलेइक आम्लाचा वाटा मोठा. ते उष्णता पुष्कळ सोसते आणि हृदयालाही जाचत नाही.

वनस्पती तुपाचे नाव मात्र तळणीच्या यादीतून खोडलेलेच बरे. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि पुष्कळ घरांत तेलही गेले, तूपही गेले, हाती डबा राहिला! तेल गोठवण्याच्या त्या जुन्या रीतीत निर्माण होणारा ट्रान्स मेद रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो व चांगले घटवतो. जानेवारी २०२२ पासून भारतात तेला-तुपांतील या मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आहे, ही समाधानाची गोष्ट.

परंतु उत्तम तेल आणले म्हणजे काम संपले, असे नाही. कितीही चांगले तेल पुन्हा पुन्हा तापले की त्यात ‘ध्रुवीय संयुगे’ साठतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यास वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. चाचणीच्या पट्ट्याही मिळतात. पण तेल स्वतःही बोलते: ते काळवंडते, चिकटते, फेसाळते, पूर्वीपेक्षा लवकर धुरकटते.

हॉटेलवाला मग काय करतो? कमी झालेल्या तेलात नवे ओततो. जुने तेल त्याने नवे होत नाही. नवेच जुन्याच्या संगतीला लागते! खरा उपाय साधा आहे. बेसनाचा जळका चुरा वरचेवर काढावा, कढईवर मीठ भुरभुरू नये, गिऱ्हाईक नसताना आच उतरवावी, रात्री तेल गाळून झाकावे आणि वेळ झाली की ते निर्दयपणे बाद करावे. बाद तेलाचे बायोडिझेल होते. २०१८ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यासाठी योजनाही सुरू केली. ते तेल पुन्हा एखाद्या गरिबाच्या गाडीवरील कढईत जाऊ नये, हे महत्त्वाचे. कारण त्या कढईवरचे गिऱ्हाईक म्हणजे वडापाववर दुपार काढणारा कामगार. त्याला निवडीला वाव नसतो. आणि त्या धुरात दिवसभर उभा राहणारा तळणारा पोऱ्या तर कुणाच्या हिशेबातच नसतो.

आपल्याला वाव आहे. वडा स्वस्त हवा, कुरकुरीत हवा आणि तेलही ताजे हवे, हे तिन्ही एका दरात बसत नाही. तेव्हा ओळखीच्या हॉटेलात ‘आज गरम काय आहे?’ असे विचारताना ‘तेल कधी बदललेत?’ हेही विचारावे. आणि खरे उत्तर देणाऱ्याला दोन रुपये जास्त द्यावे लागले, तर कुरकुर करू नये. कुरकुर वड्याची असावी, गिऱ्हाइकाची नको!